न तपासलेला नेम

मका वाळायला लागला की मला राग येतो.

ऋतू बदलला की लोकांना काय काय आठवतं. कुणाला आईच्या हातचं, कुणाला शाळेची वाट. मला राग येतो. झिंडेलफिंगेनला माझ्या बसच्या वाटेवर कारखान्याची लांबलचक भिंत संपली की दोन-तीन मक्याची शेतं लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांचा हिरवा रंग उडतो, पानं कागदासारखी कडकडीत होतात, आणि एके सकाळी तिथं हेक्सलर उभा दिसतो. मका उभाच्या उभा कापायचा, चिरडायचा आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत उडवायचा, असं ते अवाढव्य यंत्र. बसच्या काचा बंद असतात, तरी चिरडलेल्या ताटांचा आंबूस-गोड वास आत येतोच. माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. शेजारची बाई कधीकधी माझ्याकडे बघते आणि पर्स जवळ ओढून घेते.

तीन वर्षं झाली. ज्या उन्हाळ्यात फुटबॉलचा विश्वचषक इथे जर्मनीत झाला, त्याच्या नंतरचा तो शरद. गाड्यांच्या खिडक्यांना लावलेले छोटे झेंडे उन्हानं विटून गेले होते, पण लोकांनी अजून काढले नव्हते.

मी मापं तपासणारी बाई आहे. वडील कोल्हापूरजवळ शिरोलीला एका टूलरूममध्ये होते. अक्षर ओळख व्हायच्या आधी मला व्हर्नियर धरता यायचा असं आई सांगते. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. मास्टर्स करायला जर्मनीत आले आणि शिक्षण संपल्यावर नेकारसुल्मजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत लागले. तिथल्या मेसराउममध्ये, म्हणजे मापनकक्षात, माझं काम एवढंच होतं की ज्या उपकरणांनी बाकीचे मोजतात, ती उपकरणं खरं बोलतात की नाही ते बघायचं. करार दोन वर्षांचा, आणि व्हिसा त्या कराराला टांगलेला.

माझा गटप्रमुख मार्कुस. चाळिशीचा, उंच, हसरा, पहिल्या दिवसापासून एकेरीवर आलेला. मला खोली मिळत नव्हती तेव्हा तोच म्हणाला, "माझ्या टांटेच्या घरी वरचा मजला रिकामा आहे. बाई कडक आहे, पण तू शांत आहेस. जमेल तुमचं." टांटे म्हणजे त्याची सख्खी आत्या.

त्या आत्याबाईंनी, फ्राऊ हेगेलेंनी, दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात शेपटीला धरलेला एक मेलेला प्राणी होता. मुंगसासारखा लांबट, गळ्यावर पांढरा डाग. मी एक पायरी खाली उतरले.

"मार्डर," त्या म्हणाल्या. "माझ्या कोंबड्या सात होत्या. आता दोन आहेत. बूट बाहेर काढा, फ्राऊ पाटणकर."

अडुसष्ट वर्षांच्या, बुटक्या, रुंद हाडाच्या. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचं शिकारीचं रान दुसऱ्याकडे जाऊ दिलं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर अभ्यास करून परवान्याची परीक्षा दिली आणि गावाभोवतीची द्राक्षांची उतरण, मक्याची शेतं आणि जंगलाची एक चिंचोळी पट्टी स्वतःच्या नावावर भाड्यानं घेतली. हरणांची शिंगं भिंतीवर लावणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांचं काम उपद्रवी जनावरांचं. कोल्हे, मार्डर, कावळे, आणि शरद आला की मका आणि द्राक्षं उद्ध्वस्त करणारी रानडुकरं. "इथे माळावर तित्तिर होते," त्या सांगायच्या. "आता तीन जोड्या राहिल्यात. कोल्हे वाढले की तेवढ्याही राहणार नाहीत."

मला त्यांचा सहवास आवडायला लागला तो शनिवारच्या सकाळींमुळे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलं जायचं आणि त्यावर रायफल यायची. पोलादी कपाटाची किल्ली त्यांच्याच गळ्यात. मी फक्त त्यांच्यासमोर, त्यांनी सांगितल्यावर हात लावायचा. आधी त्या स्वतः बोल्ट मागे ओढून आत बघायच्या, मग करंगळी घालून चाचपायच्या, मग मला बघायला लावायच्या. "आपल्याला माहीत आहे की ती रिकामी आहे. तरीही बघायचं." हे वाक्य मी माझ्या मेसराउममध्ये रोज मनात म्हणायचे.

गज नेहमी मागून घालायचा, तोंडाकडून कधीच नाही. नळीचं तोंड म्हणजे गोळीचा शेवटचा निरोप, तिथं एक ओरखडा गेला तर ती आयुष्यभर वाकडी जाणार. आधी पितळेचा ब्रश, मग फेल्टचे बोळे, एकामागून एक. पहिला काळा निघायचा, दुसरा करडा. मग उग्र वासाचं एक द्रावण, आणि ते मुरल्यावर बोळा निळसर-हिरवा, कारण गोळीवरचं तांबं नळीला चिकटून बसतं. बोळा पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही. शेवटी तेलाचा हात, इतका पातळ की बोटाला कळेल पण डोळ्याला नाही. त्या तेलाला बडीशेपेसारखा वास यायचा. शिकारीला निघताना मात्र नळी पुन्हा कोरडी पुसायची, कारण तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते. आणि थंडीतून घरात आणलेली रायफल लगेच कपाटात कोंडायची नाही, तिला घाम फुटतो, तो पुसून तासभर बाहेर ठेवायची.

"अगं, बंदुका कसल्या पुसतेस?" आई फोनवर म्हणायची. "आपण साधी मुंगी मारत नाही."

"मी कुठं मारतेय? मी फक्त पुसतेय."

"मग लग्नाचं काय ते बोल."

त्यांच्या दोन रायफली होत्या. एक नवऱ्याची, डुकरांसाठीची, जड. दुसरी त्यांनी स्वतः निवडलेली, कोल्ह्या-मार्डरांसाठीची. बारीक कॅलिबरची, गोळीचा व्यास पावणेसहा मिलिमीटरसुद्धा नाही, नळी मात्र जाड आणि आखूड. मी विचारलं होतं, हीच का? उत्तर देताना त्या पुस्तकी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, दुकानदारानं मोठी गळ्यात मारायचा प्रयत्न केला, बाई म्हणून आधी गुलाबी पट्टाही दाखवला. "मी म्हटलं, मला कोल्हा मारायचा आहे, त्याचे तुकडे करायचे नाहीत. धक्का इतका कमी हवा की गोळी लागताना मला दुर्बिणीतून दिसलं पाहिजे. जो धक्क्याला घाबरतो तो चाप ओढताना डोळे मिटतो. आणि डोळे मिटून कुणाचा जीव घ्यायचा नसतो." जनावर, जमीन आणि आपला खांदा, या तिघांना विचारून रायफल घ्यायची, शेजाऱ्याला विचारून नाही.

दर हंगामाआधी त्या शूटिंग रेंजवर जायच्या. शंभर मीटरवर कागद, पाच गोळ्या. दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारे स्क्रू एकेक तपासायचे, मग पुन्हा पाच. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जायला हवीत. मी मागून दुर्बिणीतून बघून आकडे सांगायचे, आणि आम्हा दोघींनाही त्या आकड्यांत जो आनंद व्हायचा तो मला आजवर दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेता आलेला नाही. वर्षभरानं त्या मला "युई" म्हणायला लागल्या. जुई म्हणता येत नव्हतं त्यांना. मीही मग फ्राऊ हेगेले सोडून ओटिलिए म्हणावं असं ठरलं. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

त्या सप्टेंबरात मार्कुसनं नवी रायफल घेतली. अंगणात गाडी उभी करून त्यानं ती कुलूपबंद पेटीतून काढली आणि लहान मूल दाखवावं तशी दाखवली. प्रचंड कॅलिबर, कुठल्याशा दूरच्या देशातली अस्वलं मारायला योग्य असं. दुर्बीण तर दुधाच्या बाटलीएवढी. फ्राऊ हेगेले घरी नव्हत्या.

"टांटेची ती शिवणाची सुई बघितलीस ना?" तो हसला. "आता ही बघ."

त्यानं ती गाडीच्या दाराला टेकवली आणि खिशात फोन शोधायला लागला. रायफल हळूच सरकली. मी "मार्कुस!" म्हणेपर्यंत ती फरशीच्या दगडांवर, दुर्बिणीच्या अंगावर आडवी पडली. तो आवाज मी ओळखते. माझ्या कामात त्या आवाजाला नियम आहे. जे उपकरण पडलं ते त्या क्षणापासून बाद, त्याच्यावर लाल स्टिकर, पुन्हा तपासल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दोनच आठवड्यांपूर्वी याच मार्कुसनं आमच्या खात्यातल्या एका कामगाराला सगळ्यांदेखत झापलं होतं, कारण मायक्रोमीटर पडलेला त्यानं सांगितला नव्हता.

"आता ही रेंजवर न्यायला लागेल," मी म्हटलं. "आपल्याकडं असतं तर लाल स्टिकर लागला असता."

त्यानं दुर्बिणीवरची धूळ बाहीनं पुसली, एक डोळा मिटून कोंबड्यांच्या खुराड्याकडे नेम धरला. "हो, हो. पास्ट शोन." म्हणजे ठीक आहे, चालतंय. "आपण काही कामावर नाही आहोत, युई. आणि टांटेला सांगू नकोस. ती उगाच नाटक करेल."

मंगळवार होता तो. माझ्या कराराच्या मुदतवाढीचा कागद त्याच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. त्यानं त्या कागदाचं नावही काढलं नाही. काढायची गरज नव्हती. मी सांगितलं नाही.

सुट्टीत घरी गेले की लोक मला म्हणतात, जर्मन लोक काय काटेकोर गं! मी मान डोलावते. आतून मात्र मला ओरडावंसं वाटतं. काटेकोरपणा काय एखाद्या देशाच्या पाण्यात असतो? तो एकेका माणसाला रोज सकाळी उठून करावा लागतो, आणि जिथं बघणारं कुणी नसतं तिथं बहुतेक माणसं तो करत नाहीत. कोल्हापुरात "चालतंय की" म्हणतात, इथे "पास्ट शोन". मी दोन्हीकडची आहे, म्हणून मला दोन्हीचा सारखाच संताप येतो. आणि सगळ्यांत जास्त संताप त्या मुलीचा येतो, जी मंगळवारी संध्याकाळी फ्राऊ हेगेलेंसमोर बसून भोपळ्याचं सूप प्यायली आणि हवापाण्याबद्दल बोलली.

शनिवारी सकाळी मका कापायला घेतला. अशा वेळी डुकरं आत दडून बसतात आणि यंत्र जवळ आलं की शेवटच्या पट्ट्यातून बाहेर पळतात. शिकारी शेताच्या कडेनं उभे राहतात. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं, मलाही एक दिलं होतं. ऊन कोवळं, हेक्सलरची घरघर, वर उडणारा हिरवा भुगा. फ्राऊ हेगेलेंनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, "कुणाची रायफल या हंगामात तपासलेली नाही?" कुणीच हात वर केला नाही. मार्कुसनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी माझ्या बुटांकडे बघत होते. त्यांच्यावर दव होतं.

डुकरं चार आली. तीन दूर निसटली. चौथं, दोनएक वर्षांचा नर, मार्कुसच्या समोरून उतरणीकडे निघालं. त्याच्या रायफलीचा आवाज इतका मोठा झाला की ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघितलं. डुक्कर क्षणभर मागच्या पायांवर बसल्यासारखं झालं, मग उठलं आणि द्राक्षमळ्याखालच्या काटेरी झुडपांत शिरलं.

"फोरबाय!" मार्कुस ओरडला. चुकली.

फ्राऊ हेगेले त्या जागी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि गवत चाचपू लागल्या. त्यांनी बोटानं काहीतरी उचललं, वास घेतला. "चुकली नाही. पोटात लागली आहे. किमान तीन तास थांबायचं, मग शोधायला जायचं. तू येशील."

"टांटे, मी सांगतो ना, चुकली. आणि दुपारी लीनाचा वाढदिवस आहे, सगळी मुलं येणार आहेत." त्यानं रायफल पेटीत ठेवली. "पास्ट शोन," असंही म्हणाला असावा. आता मला नक्की आठवत नाही, पण माझ्या रागाला ते ऐकू येतं.

तीन तास आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. तिसरी विल्मा, त्यांची तांबडी डाक्सहुंड, आखूड पायांची, म्हातारी होत चाललेली पण वास काढण्यात पक्की. टेबलाखाली माझ्या पायांवर हनुवटी टेकून होती. फ्राऊ हेगेले स्वतःशीच बोलत होत्या. "एवढ्या जवळून पोटात कशी लागते? हात थरथरला असेल? की ती तोफ झेपत नाही त्याला?" उत्तर माझ्याकडे होतं. मी उठून पुन्हा कॉफी लावली.

अडीच वाजता त्या नवऱ्याची जड रायफल घेऊन निघाल्या. ट्रॅक्टरवाला शेतकरी रस्त्यावर थांबला, मी त्यांच्या मागे. विल्मा लांब दोरीवर, नाक जमिनीला. झुडपांत शिरल्यावर मला आधी वास आला, ओल्या जनावराचा, उग्र. मग विल्मा भुंकली, आणि झुडूपच उठून अंगावर आल्यासारखं झालं. एवढंच दिसलं की विल्मा हवेत गेली. नंतर फ्राऊ हेगेले पाठीवर पडलेल्या, आणि तो काळा गठ्ठा त्यांच्या मांडीशी. त्यांनी पडल्यापडल्या गोळी झाडली. सगळं थांबलं.

मांडी गुडघ्याच्या वर फाटली होती. मी गळ्यातला स्कार्फ काढून जोरात आवळला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मराठीत शेतकऱ्याला हाका मारायला लागले. अँब्युलन्स येईपर्यंत त्या एकदाही कण्हल्या नाहीत. फक्त मान वळवून म्हणाल्या, "विल्मा कुठे आहे?" ती दोन पावलांवर होती. तिचं पोट उघडं पडलं होतं. त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. मी दाब सोडू शकत नव्हते. ती एकटीच मेली.

हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस. मग गावातल्या गास्टहाउसच्या मागच्या खोलीत शिकाऱ्यांची बैठक बसली. मंडळाचा प्रमुख, त्याला ओबमान म्हणत, सौम्य स्वभावाचा निवृत्त पोस्टमन होता. फ्राऊ हेगेले कुबड्या भिंतीला टेकवून बसल्या होत्या. मार्कुस उभा राहिला. आवाजात इतकं प्रेम की ऐकवत नव्हतं.

"टांटेबद्दल मला काय वाटतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण या वयात, इतक्या लहान कुत्र्याला घेऊन झुडपात शिरणं... चूक कुणाची ते मी काढत नाही. मला वाटतं, रानाचा भार आता कुणीतरी तरुणानं घ्यावा."

ओबमाननं विचारलं, "तुझी रायफल ठीक होती?"

"अर्थात. नवीकोरी आहे."

मग ओबमान माझ्याकडे वळला. "फ्राऊ पाटणकर, तुम्ही घरातच राहता. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

सगळ्या माना वळल्या. मार्कुस हसरा, निवांत. मुदतवाढीचा कागद अजून त्याच्याच टेबलावर होता. मी म्हटलं, "मला बंदुकांतलं काही कळत नाही."

फ्राऊ हेगेलेंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. हातांकडे बघितलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्या खुर्चीत बसल्या आणि मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. अंगण, गाडीचं दार, फरशीवरचा आवाज, लाल स्टिकर.

"मंगळवारी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शनिवारी मी रांगेत विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि इथे? तीन तास?"

"हो."

मला वाटलं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याचं मला नवल नाही," त्या म्हणाल्या. "तो लहानपणापासून तसाच आहे. पण तू मोजणारी आहेस. या टेबलावर बसून तू माझ्याबरोबर मोजलंस. तू मला सांगितलं असतंस तर मी त्याला घरी पाठवलं असतं आणि विल्मा आत्ता इथे असती." मग कुबडी ओढून घेत त्या म्हणाल्या, "उद्या ओबमानकडे जा. आणि महिनाअखेर खोली रिकामी कर. पण आधी ओबमान."

मी गेले. दिवस, वेळ, रायफल कुठल्या अंगावर पडली, सगळं लिहून खाली सही केली. पुढच्या रविवारी रेंजवर ओबमाननं मार्कुससमोर त्याची रायफल झाडून बघितली. मला वाटलं होतं, एव्हाना त्यानं गुपचूप दुरुस्त करून घेतली असेल. नव्हती. इतकं सगळं होऊनही त्यानं ती तपासलीच नव्हती! शंभर मीटरवर पाचही गोळ्या मधल्या खुणेपासून एकवीस सेंटिमीटर डावीकडे, खाली. मी व्हर्नियर नेला होता. माझा हात जराही हलला नाही.

"डुम गेलाउफेन," मार्कुस म्हणाला. वाईट झालं, नशीब. जणू काही ते पाऊस पडावा तसं आपोआप घडलं होतं. ओबमाननं त्याला चार शब्द ऐकवले, रेंजवर जाण्याची ताकीद दिली. तो आजही शिकार करतो. रायफल त्याच्याकडेच आहे. माझ्या करारावर सही झाली नाही. कारण म्हणून "संघटनात्मक बदल" असा एक लांबलचक जर्मन शब्द लिहून आला. व्हिसा संपायला दीड महिना असताना मला झिंडेलफिंगेनला नोकरी मिळाली. त्या दीड महिन्यात आई रोज विचारायची, "तू कशाला मध्ये पडलीस?" आणि मी रोज तिच्यावर ओरडायचे. मी मध्ये पडले नव्हते, हेच तर माझं दुःख होतं. पडायला हवं तेव्हा मी सूप पीत होते.

राग ओसरतो म्हणतात. माझा ओसरला नाही, फक्त त्याला हंगाम मिळाला. बाकी वर्षभर मी बरी असते.

पुढच्या एप्रिलमध्ये फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस? मला रेंजवर जायचं आहे. डोळ्यांनी भोकं दिसत नाहीत आता. बघायला कुणीतरी पाहिजे." खुशाली विचारली नाही, गेल्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

मी पहिल्या गाडीनं गेले. त्या बारीक झाल्या होत्या. एक पाय लांब ठेवूनच बसता येत होतं. नवा कुत्रा घेतला नव्हता. मार्कुसला रान दिलं नव्हतं, शेजारच्या गावातल्या वनखात्यातल्या एका मुलीच्या नावावर केलं होतं. त्यांनी स्वतःची बारीक रायफल बाकावर टेकवली, दस्ता गालाला लावला. खांदा दुखावल्यासारखा वर चढला होता. पाच गोळ्या झाडल्या, शांतपणे, वेळ घेऊन. मग बोल्ट उघडा ठेवून विचारलं, "सांग."

मी दुर्बिणीतून बघत राहिले. वाऱ्यानं कागद किंचित हलत होता. पाच भोकं ताटभर विखुरली होती. रायफल ठीक होती, स्क्रू मी स्वतः तपासले होते. खोटं बोलणं किती सोपं होतं. त्यांना दिसणार नव्हतं, आणि मला त्यांची माफी हवी होती.

"पसारा सोळा सेंटिमीटर," मी म्हटलं. "एक कागदाच्या कडेला गेली."

"पुन्हा बघ."

"दोनदा बघितलं. सोळा."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. अगदी बरोबर, जणू एखादा हिशेब जुळला. रायफल पेटीत ठेवून कुलूप लावलं. मग माझ्याकडे बघितलं, कितीतरी महिन्यांनी, सरळ चेहऱ्याकडे. "कपडे बरे आहेत ना तुझे? मंगळवारी लांडराट्सआम्टमध्ये जायचं आहे. परवाना परत करायला. सुट्टी काढ."

जिल्हा कचेरीतली ती खिडकी, काचेमागे तरुण कारकून, हातात फॉर्म. त्यानं परवाना घेतला, शिक्का शोधला, आणि नम्रपणे विचारलं, "कारण काय लिहू? वय? प्रकृती?"

"नेम चुकतो," फ्राऊ हेगेले म्हणाल्या.

"म्हणजे प्रकृती लिहितो."

"प्रकृती नाही. वयही नाही. लिहा, नेम चुकतो."

त्यानं पेन उचललेलं तसंच धरलं. "मी इथे चार वर्षं आहे. हे कारण देऊन अजून कुणीच परवाना परत केलेला नाही."

फ्राऊ हेगेलेंनी काठी काचेवर टेकवली. आवाज चढला नव्हता.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "लिहा."